‘नुसता कशिदा’ म्हणणाऱ्यांस

मराठी समीक्षेत एक वाक्य पिढ्यानपिढ्या सुखाने नांदते आहे. एखाद्या कवयित्रीचा संग्रह परीक्षणासाठी येतो. रचना नेटकी असते, शब्द जपून वापरलेले असतात, कुठे पाल्हाळ नसतो. परंतु समीक्षकाला हवा असलेला ‘जीवनाचा आवाका’ त्यात सापडत नाही. मग तो लिहितो की, ही कविता नव्हे, हा नुसता कशिदा आहे. ‘कशिदा’च्या जागी कधी ‘भरतकाम’ येते, कधी ‘कलाकुसर’, कधी ‘नक्षीकाम’. वाक्याची ठेवण बदलत नाही. चर्चासत्रात हे वाक्य उच्चारले की श्रोत्यांच्या माना आपोआप डोलतात. आमच्याही डोलल्या आहेत. आमच्यापैकी एकीने तर चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एका नियतकालिकातील परीक्षणात हे वाक्य स्वतःच्या नावाने छापून घेतले आहे, आणि वर्गात शिकवताना आम्ही दोघींनी ते किती वेळा वापरले याची गणती नाही. तेव्हा पुढील मजकुरातील आरोपी कोण असा प्रश्न कोणी विचारलाच, तर यादीत पहिली दोन नावे आमची धरावीत.

गेली तीन वर्षे आम्ही दोघी धागे मोजून काढायचे भरतकाम शिकत आहोत. प्रथम मॅटीवरचा फुलीचा टाका, म्हणजे सर्वजण ज्याला क्रॉस स्टिच म्हणतात तो, आणि त्यानंतर कसुती. शिकण्याचे कारण साहित्यिक नव्हते. एकीच्या आईचे कसुती काढलेले इरकली लुगडे घडीवर विरले. त्याच्या पदराजवळचे तुळशीवृंदावन दुसऱ्या कापडावर उतरवून घ्यावे, एवढाच हेतू होता. तीन वर्षांत वृंदावन पुरे झालेले नाही. मात्र वरील वाक्य किती अज्ञानातून आलेले आहे हे पुरते कळले, आणि गेल्या वर्षी एका बैठकीत तेच वाक्य एका विद्यार्थिनीच्या आड आले तेव्हा हे लिहिणे भाग पडले. (त्या बैठकीत आमच्यापैकी एक हजर होती आणि गप्प होती. ते पुढे येईलच.)

आधी शब्दांचा हिशेब करू. मराठी समीक्षेला कापडाचे वावडे आहे असे मुळीच नाही. कादंबरीला ‘पोत’ असतो, कथानकाची ‘वीण’ घट्ट असते, अनुभवांचे ‘ताणेबाणे’ असतात, आशयाचे ‘धागेदोरे’ उलगडतात. हे सगळे गौरवाचे शब्द. मागावरून आलेल्या प्रतिमा समीक्षेला चालतात. किंबहुना त्यांच्याविना समीक्षेचे पान हलत नाही. मग त्याच कापडावर सुई चालली की प्रतिष्ठा कोठे जाते? माग हा धंदा आहे. त्याला पेठ आहे, बाजारभाव आहे, आणि मागावर बसलेला म्हणून आपल्या डोळ्यांपुढे पुरुष येतो. (त्याच घरात कांड्या भरीत बसलेली बाई आपण सोयीस्करपणे विसरतो.) सुई मात्र घरातल्या बाईच्या हातात, दुपारच्या उरलेल्या वेळात, कोणी दाम न देता चालते. शब्दाचे मोल ठरवताना काम काय आहे हे न पाहता ते कोणाच्या हातात आहे हे पाहिले गेले, असे आम्हांस वाटते.

‘कशिदा’ हा शब्द फारसी. ‘कशीदन’ म्हणजे ओढणे, काढणे. मराठी बाई कशिदा ‘काढते’. परक्या शब्दाचा मूळ अर्थ तिने शेजारच्या क्रियापदात जपून ठेवला. अरबी ‘कसीदा’ हा काव्यप्रकार वेगळा, त्याचे मूळही वेगळे. त्या कसीद्याच्या प्रणयपर प्रारंभातून गझल निघाली असे मानतात. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही गझलेवर जीव टाकणारे समीक्षक कशिद्याचे नाव निघताच नाक मुरडतात तेव्हा आम्हांला थोडी करमणूक होते. असो.

खरा घोळ पुढेच आहे. ‘नुसता कशिदा’ या शब्दप्रयोगामागे एक समजूत आहे: वस्तू आधीच तयार असते, तिच्यावर शोभा वरून चढवली जाते, आणि ती काढून घेतली तरी वस्तूचे काही बिघडत नाही. छापा मारून किंवा पेन्सिलीने वेलबुट्टी काढून तिच्यावर साखळी टाका भरीत जायचे काम असेल, तर या समजुतीत थोडेफार तथ्य आहे असे वादापुरते मान्य करू. तेथे चित्र आधी येते आणि कापडाच्या वीणीशी त्याचे देणेघेणे नसते. मोजणीच्या भरतकामात कापडावर काहीही काढलेले नसते. छापा नाही, रेघ नाही, ठिपकासुद्धा नाही. असतात ते फक्त कापडाचे उभे आणि आडवे धागे. किती धाग्यांवरून सुई वर यावयाची आणि किती धागे ओलांडून खाली जावयाची, यातूनच आकृती उभी राहते. सत्तर घरांची आकृती एका इंचात १४ घरे बसणाऱ्या मॅटीवर पाच इंचांची होते. तीच १८ घरांच्या मॅटीवर चार इंचही भरत नाही. कापडाचे उभे धागे दाट आणि आडवे विरळ असतील तर कागदावरचा चौकोन कापडावर लांबोडका होतो आणि वर्तुळ अंडाकृती. तुम्ही काय करू शकता हे कापड ठरवते. ज्या समीक्षेला आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत सिद्ध करण्यासाठी पानेच्या पाने लागतात, तिने हे तंत्र बघितलेच नाही, आणि न बघता त्याला ‘वरवरची शोभा’ असे नाव दिले.

आम्हांला शिकवणाऱ्या अक्का मूळच्या धारवाडकडच्या. लग्न होऊन पन्नासएक वर्षांपूर्वी मिरजेत आल्या. त्यांचे शालेय शिक्षण फार झालेले नाही. आम्ही दोघी पहिल्या दिवशी एक वही, दोन पेने आणि आंतरजालावरून उतरवून घेतलेले बरेचसे मार्गदर्शन घेऊन गेलो होतो. त्यांनी वही बाजूला ठेवायला लावली, मॅटीच्या तुकड्याची चौघडी करून मधला बिंदू शोधायला सांगितला, आणि तेथून सुरुवात करायला लावली. कडेपासून सुरू केले की आकृती कापडात मावेल की नाही हे शेवटी कळते, मधून सुरू केले की आधी कळते, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. दुसरा नियम असा की प्रत्येक फुलीची वरची तंगडी एकाच दिशेला पडली पाहिजे. तो आम्हांला आधी निव्वळ कर्मठपणा वाटला. पन्नासेक फुल्या झाल्यावर कापड उजेडात धरले, तेव्हा ज्या पाचसहा फुल्यांची दिशा चुकली होती त्या एकाच रंगाच्या दोऱ्यात असूनही डाग पडल्यासारख्या दिसत होत्या. दोऱ्यावरून उजेड वेगळ्या अंगाने परत येत होता. तिसरा नियम, गाठ मारायची नाही. दोऱ्याचे टोक मागच्या बाजूला पुढच्या टाक्यांखाली दाबत न्यायचे.

आमची पहिली चौकट मिळाली नाही. तीन बाजू झाल्या, चौथी बाजू निघालेल्या जागी परत यायला हवी होती, तर एका घराने वर आली. आम्ही दोघींनी आपापल्या स्वभावाप्रमाणे उपाय सुचवले: एकीच्या मते शेवटच्या फुलीला थोडी तिरपी करावी, दुसरीच्या मते कोपऱ्यात एक फूल टाकून ती जागा झाकावी. अक्कांनी दोन्ही ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बाई, इकडं नको. पाठ दाखवा.” कापड उलटे केले. पहिल्या कोपऱ्यापासून अकराव्या फुलीशी मागचा दोरा इतरांपेक्षा लांब होता. तेथे एक घर जास्त सुटले होते. त्यानंतरचे सगळे टाके, एकेक पाहिला तर निर्दोष होते. पण ते सगळेच चुकीच्या जागी होते. उसवायला दोन संध्याकाळी गेल्या. कवितेत एखादी ओळ घसरली तर पुढची ओळ तिला सावरून घेते, व्याख्यानात तर आम्ही दोघी रोजच सावरून घेतो. येथे सावरून घेणे हा प्रकार नाही. एका घराची चूक शेवटपर्यंत सोबत येते आणि चौकट बंद होण्याच्या वेळी उभी राहते.

कसुतीकडे वळल्यावर तर आमचा उरलासुरला ताठाही गेला. कसुती हा शब्द कन्नडातला. ‘कै’ म्हणजे हात, आणि सूत तर आपलेच. तिचे टाके चार. गवंती, म्हणजे जाता-येता घातलेला दुहेरी धावदोरा. मुर्गी, म्हणजे तोच दोरा पायऱ्यापायऱ्यांनी चढवत नेलेला. नेगी, म्हणजे विणल्यासारखा दिसणारा लांब धावदोरा; कन्नडात विणण्याला ‘नेय्गे’ म्हणतात, त्यावरून आलेले हे नाव. आणि मेंथी, म्हणजे मेथीदाण्यासारखी फुली. गवंतीचे नाव कन्नड ‘गंटू’, म्हणजे गाठ, यावरून आले असे सांगतात. आणि गाठ मारायला नेमकी याच टाक्यात सक्त मनाई! गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, पाळणा, वृंदावन या आकृत्या इरकली लुगड्याच्या पदराजवळ आणि खणावर येतात. लुगड्याचे कापड मॅटीसारखे घराघरांचे नसते. धागे नजरेने मोजावे लागतात, आणि कापड काळ्या चंद्रकळेचे असेल तर डोळ्यांची परीक्षाच.

गवंतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ‘हे काम डोके बाजूला ठेवून होते’ या समजुतीला खरे उत्तर तेथेच आहे. दोरा जाताना एक टाका वर, एक खाली असा जातो. म्हणजे आकृतीची रेघ एकाआड एक तुटलेली दिसते. शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर त्याच वाटेने परत यायचे, आणि जाताना सोडलेल्या जागा येताना भरायच्या. काम पुरे झाले की पुढची आणि मागची बाजू सारखीच. सुलट कोणती हे सांगता येत नाही. सरळ रेघ असेल तर हे सोपे आहे. वृंदावनाला मात्र पायऱ्या असतात, कोनाडा असतो, वर तुळशीच्या फांद्या असतात. प्रत्येक फाट्यावर निर्णय घ्यावा लागतो: आधी फांदीवर जाऊन परत यावे, की मुख्य रेघेने पुढे जाऊन येताना फांदी घ्यावी? एक फांदी विसरली तर तेथे पोहोचण्यासाठी मागून दोरा ओढत न्यावा लागतो, आणि तो मागे दिसतो. म्हणजे काम फसले. सुई कापडात घालण्यापूर्वी सगळी वाट डोक्यात असावी लागते, जाण्याची आणि येण्याची, दोन्ही. आमच्या महाविद्यालयातील गणिताच्या सहकाऱ्यांना आम्ही कागदावर वृंदावन काढून दाखवले. त्यांनी चहा थंड होऊ दिला. प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचे असल्यामुळे प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या वाटांची संख्या आपोआप सम होते, आणि म्हणूनच एकसंध असलेली कोणतीही आकृती दोरा न तोडता पुरी करता येते, असे त्यांनी सांगितले. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांच्या कोड्यावर जे लिहिले, त्याच जातीचा हा प्रश्न आहे म्हणे. अक्कांना ऑयलर ठाऊक नाही. त्या एवढेच सांगतात की, जिथून निघालो तिथे दोरा आला पाहिजे.

हाच टाका युरोपातही होता. सोळाव्या शतकातील चित्रकार हान्स होल्बाइन याने काढलेल्या व्यक्तिचित्रांत माणसांच्या मनगटांवर आणि गळपट्ट्यांवर काळ्या दोऱ्याचे असे काम इतके बारकाईने रंगवलेले आहे की, त्या टाक्याला पुढे होल्बाइनचेच नाव पडले. टाका घालणाऱ्या बायकांपैकी कोणाचे नाव त्याला मिळाले नाही, तो रंगवणाऱ्याचे मिळाले. यावर अधिक भाष्य करीत नाही.

आता आमच्या सहव्यावसायिकांना एक साधा प्रश्न. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६-६-६-४ अशी अक्षरे मोजलेली असतात. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत म, स, ज, स, त, त, ग अशी १९ अक्षरे आपण दरवर्षी वर्गात फळ्यावर मोजून दाखवतो, आणि एक लघू गुरूच्या जागी पडला तर विद्यार्थ्याचे गुण कापतो. मोजणीमुळे अभंग कलाकुसर ठरला, असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट, मोजणीच्या बंधनात राहून एवढे बोलता आले म्हणून आपण थक्क होतो. मग अक्षरे मोजणारा कवी आणि धागे मोजणारी बाई यांच्यात, मोजणीपुरते बोलायचे तर, भेद कोणता?

‘कवीला काही सांगायचे असते, तिला नसते,’ हे उत्तर आम्हांला तोंडावर मिळालेले आहे. या उत्तरासाठी आम्ही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील एका कापडाकडे बोट दाखवतो. १८३० च्या सुमाराचे हे पांढरे तागाचे कापड एलिझाबेथ पार्कर नावाच्या तरुण मोलकरणीचे आहे. तिचा जन्म १८१३ मधला, ससेक्समधल्या एका मजुराच्या घरातला. कापडावर फूल नाही, पक्षी नाही, काठसुद्धा नाही. लाल रेशमाच्या बारीक फुल्यांनी काढलेली नुसती अक्षरे आहेत, ओळीमागून ओळ. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून विश्वासाच्या माणसाशी बोलावे तसे येथे मांडते आहे, अशा अर्थाने ती सुरुवात करते. मग लहान वयात घर सोडून चाकरीला लागणे, मालकाकडून झालेला छळ, जीव देण्याचा मनात आलेला विचार, त्या पापाची भीती, सारे फुलीफुलीने येते. आणि कापड खाली शिल्लक असताना, वाक्य अर्धे असताना, ते थांबते. (पुढे ती जगली, शाळेत शिकवू लागली, आणि म्हातारी होऊन वारली, हे वाचून आम्हांला हायसे वाटले होते.) या मजकुरातील एकेका अक्षराला किती फुल्या लागल्या असतील याचा अंदाज आता आम्हांला करता येतो. कागदावर आत्मकथन लिहिणारा माणूस आवेगात वाक्य लिहून टाकतो आणि नंतर खोडतो. येथे आत्महत्येच्या विचाराचे वाक्य घरे मोजत, दिशा सांभाळत, तासन्‌तास काढलेले आहे. हा नुसता कशिदा आहे काय? आणि असेल, तर त्या ‘नुसता’ला काय अर्थ उरतो?

त्याच संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिचा १५९८ सालचा नमुनापट आहे. साल घातलेल्या ब्रिटिश नमुनापटांत तो सर्वांत जुना मानतात. त्यावर वर्णमाला आहे, आणि ॲलिस ली नावाच्या मुलीच्या १५९६ मधील जन्माची नोंद आहे. म्हणजे घरातली जन्माची नोंद दोऱ्याने ठेवलेली. पॅलेस्टिनी स्त्रियांचे ततरीझ तर फुलीच्याच टाक्याचे. घागऱ्याच्या छातीवरच्या आकृत्यांवरून बाई कोणत्या गावची ते ओळखत. १९८७ नंतरच्या उठावात, ध्वज फडकवायला बंदी असताना, तेथील स्त्रियांनी ध्वजाचे रंग आणि नकाशे पोशाखावर काढले. २०२१ मध्ये युनेस्कोने या भरतकामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. यादीत नाव आल्यावरच आपल्याकडे वस्तूला मोल येते, म्हणून हाही उल्लेख.

आमच्या स्त्रीवादी मैत्रिणींचा आक्षेप वेगळा, आणि अधिक वजनाचा आहे. त्या म्हणतात, सुई ही बायकांच्या हातात मुद्दाम दिली गेली, पुस्तकाऐवजी दिली गेली. तिचे गोडवे गाऊ नका. हे खरे आहे. १८८० च्या दशकात पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, निघाले तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्याच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली होती, मुलींना इंग्रजी विद्येऐवजी मातृभाषा, नीती आणि शिवणकाम पुरे, असा तो सूर होता. आम्ही शाळेत असतानाही कार्यानुभवाच्या तासाला मुली रुमालावर टाके घालत आणि मुलगे मैदानावर जात. आमच्या दोघींच्याही आयांनी आम्हांला भरतकाम शिकवले नाही. ‘ते आमचं झालं, तू अभ्यास कर,’ हे वाक्य दोन वेगवेगळ्या घरांत, जवळजवळ त्याच शब्दांत आम्ही ऐकले, आणि त्याबद्दल आम्ही त्यांच्या ऋणी आहोत. त्यामुळेच आज महाविद्यालयात उभ्या आहोत. परंतु या इतिहासाचा निष्कर्ष कोणता? आधी बाईला गणितापासून दूर ठेवण्यासाठी तिच्या हाती सुई दिली. त्या सुईने ती मोजू लागली, वाटा आखू लागली, सममिती जुळवू लागली. मग तिच्या हातात सुई आहे हाच तिला डोके नसल्याचा पुरावा मानला गेला. रोझिका पार्कर यांच्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या १९८४ सालच्या पुस्तकात या दुहेरीपणाचा युरोपातील इतिहास आहे. मराठीत तसे पुस्तक कोणी लिहिले तर आम्ही दोन प्रती आगाऊ मागवू.

‘पण बहुतेक क्रॉस स्टिच ही नक्कल असते,’ हा उरलेला मुद्दा. असतेच. रुखवतात मांडलेली ‘स्वागतम्’ची अक्षरे, एकमेकांकडे पाहणारे दोन राजहंस, टीव्हीवर टाकलेले गुलाबाचे रुमाल, ही सगळी एका तक्त्यावरून दुसऱ्या तक्त्यावर उतरत आली आहेत, आणि त्यांतील बरीच आम्हांलाही बघवत नाहीत. आता तर कापडावर रंगीत फुल्या छापलेले संच मिळतात. छापलेल्या फुलीवर त्याच क्रमांकाचा दोरा टाकायचा, मोजायचे काहीच नाही. आम्हीही एक संच आणला होता. चार दिवसांत मोर झाला, आणि मोर झाल्यावर आम्हांला जेवढे येत होते तेवढेच येत होते. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. या संचांच्या जाहिरातीत ‘मनःशांती’ आणि ‘तणावमुक्ती’ हे शब्द असतात. चुकलेली चौकट उसवत बसलेल्या बाईला मनःशांती लाभते असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्यासोबत एक संध्याकाळ बसून बघावे. पण सुमार नकलांवरून विद्येची पायरी ठरवायची, हा न्याय आपण दुसरीकडे लावतो काय? दिवाळी अंकांत दरवर्षी छापून येणाऱ्या सुमार गझलांमुळे ‘ही नुसती गझल आहे’ ही शिवी झालेली नाही.

आता ती बैठक. आमची एक विद्यार्थिनी सीमाभागातील, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. एम. ए. च्या संशोधन प्रकल्पासाठी तिने विषय दिला: सीमाभागातील स्त्रियांच्या भरतकामाची परिभाषा. टाक्यांची, आकृत्यांची, चुकांची, उसवण्याची नावे; कोणती कन्नड, कोणती मराठी, कोणती दोन्हींच्या मधली; एका गावात एक नाव आणि ओढ्यापलीकडे दुसरे. विषय मंजूर करणाऱ्या समितीत एका ज्येष्ठ सदस्यांनी तो गृहविज्ञानाकडे पाठवावा असे सुचवले, आणि पुढे म्हणाले की, भाषेचा अभ्यास म्हणजे काही कशिदा नव्हे. हशा झाला. आमच्यापैकी जी तेथे होती तिने हातातील कागदावर पुढचा विषय वाचायला घेतला. मुलीला एका ग्रामीण कादंबरीकाराच्या जाणिवांवर लिहायला सांगण्यात आले, ज्यांवर आमच्याच ग्रंथालयात अनेक प्रबंध धूळ खात आहेत.

जात्यावरच्या ओव्या आज आपण लोकसाहित्याच्या पेपरात शिकवतो, आणि त्या एकेकाळी ‘बायकी गाणी’ होत्या हे विसरून शिकवतो. कोणीतरी वही घेऊन जात्यापाशी बसले म्हणून त्या उरल्या. या विद्यार्थिनीने जी नावे जमवली आहेत ती सांगणाऱ्या बहुतेक बायका सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या सुना यंत्रावर काढलेली कसुती विकत घेतात, आणि यंत्राला उसवण्यासाठी शब्द लागत नाही. अक्कांनाच गेल्या हिवाळ्यापासून काळ्या कापडावरचे धागे दिसेनासे झाले आहेत; आता त्या बोटांनी चाचपून मोजतात आणि आमची चूक तरीही आमच्याआधी सांगतात. त्या मुलीची वही चालू आहे. पुढच्या सत्रात तोच विषय, त्याच शब्दांत, पुन्हा समितीपुढे जाईल. मार्गदर्शक म्हणून अर्जावर आम्हां दोघींच्या सह्या आहेत, आणि या वेळी हशा झाला तर उत्तर देण्यासाठी वृंदावनाचे कापड, उलटसुलट दाखवता येईल असे, सोबत नेण्याचा विचार आहे.

राहता राहिले ते जुने परीक्षण. ज्या कवयित्रीच्या संग्रहाला आमच्यापैकी एकीने ‘नुसता कशिदा’ म्हटले होते, तिला गेल्या महिन्यात पत्र लिहून वाक्य मागे घेतले. आठ दिवसांत तिचे उत्तर आले. तिने आभार मानले आहेत, आणि विचारले आहे की, आपल्याला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नाही, बटण लावायलाही शेजारणीकडे जावे लागते. तेव्हा तिच्या कवितांत कशिदा नेमका कोठे दिसला होता? संग्रह पुन्हा काढून वाचतो आहोत. अजून उत्तर पाठवलेले नाही.